दर अकरावं नाव

तनुजा : हलू नका. कलप कानाला लागला की आठवडाभर जात नाही.

रविराज : हललो नाही. श्वास घेतला.

तनुजा : तोही चार वाजेपर्यंत बेतानं घ्या.

रविराज : पुढे लावून झालं ना? मग बास. मागे नको.

तनुजा : मागे का नको?

रविराज : कॅमेऱ्यात मागचं दिसत नाही.

तनुजा : म्हणजे पुढून बेचाळीस आणि मागून चोपन्न.

रविराज : कंपनी पुढूनच बघते.

तनुजा : आणि दुधाच्या रांगेत लोक मागून बघतात, त्यांना काय सांगायचं?

रविराज : रांगेत कुणी नोकरी देत नाही.

तनुजा : हनुवटी वर करा. टेबलावरचा कागद वाचला मी. संस्कृतीनं करून दिलेला.

रविराज : बायोडेटा.

तनुजा : दोनच पानं? मागच्या महिन्यात चार होती.

रविराज : ती म्हणाली, बाबा, दोन पानांपुढे कुणी वाचत नाही. आणि पंधरा वर्षांहून जास्त अनुभव दिसला की कॉम्प्युटरच अर्ज मागे टाकतो. माणसापर्यंत पोचतच नाही. तिला माहीत असतं, तिचं कामच ते आहे ना, अर्ज चाळायचं.

तनुजा : म्हणजे दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या बापांचे अर्ज मागे टाकायचे आणि घरी येऊन स्वतःच्या बापाला पळवाट दाखवायची.

रविराज : तिकडचं काम पगारी आहे. इथे ती फुकट करते.

तनुजा : या कागदात तुमची नोकरी दोन हजार अकरा साली सुरू होते.

रविराज : हो.

तनुजा : आपलं लग्न नव्व्याण्णवचं.

रविराज : बायोडेटात लग्न नसतं.

तनुजा : नसेना. पण हिशेब लागतो. मी बेकार माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली, ती दहा वर्षांची होईपर्यंत तुम्ही घरी बसलात आणि मग कामाला लागलात. माझ्या वडिलांचा तुमच्याबद्दल अगदी हाच अंदाज होता.

रविराज : पदवीचं सालही काढलंय.

तनुजा : बघितलं. कागदावर छत्तीस, पुढून बेचाळीस, मागून चोपन्न. एका वेळी एकानंच बोला म्हणजे झालं.

रविराज : तनुजा, थट्टा पुरे.

तनुजा : बरं.

रविराज : नोकरी सुटून नऊ महिने झाले. एकशे चाळीस अर्ज गेले. बोलावणी तीन. आजचं तिसरं.

तनुजा : पहिल्या दोघांनी काय सांगितलं ते तुम्ही नीट बोलला नाहीत कधी.

रविराज : पहिला पोरगा म्हणाला, सर, तुमच्याकडून खूप शिकायला मिळेल. आणि फोन ठेवला. दुसरीकडे विचारलं, तुमच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली काम जमेल का? मी म्हटलं, घरी मुलीच्या हाताखालीच आहे.

तनुजा : मग?

रविराज : हसले सगळे. सगळे हसले की काम होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तनुजा : आणि काल बापूराव कशाला आले होते? मी देवळातून आले तेव्हा जिन्यात भेटले.

रविराज : सोसायटीच्या कामासाठी. म्हणाले, तुम्ही आता मोकळेच आहात, तर पाण्याच्या टँकरची वही तुमच्याकडे घ्या. कधी आला, किती वाजता गेला, एवढं लिहायचं.

तनुजा : मग?

रविराज : हो म्हटलं. ते गेल्यावर तासभर तसाच खुर्चीत बसून होतो. वहीचं काही नाही गं. मोकळेच आहात, हे ते इतकं सहज बोलून गेले. आणि मला खोडून काढता आलं नाही.

तनुजा : टॉवेल धरा.

रविराज : हे नाही जमलं ना, तर मी पुन्हा अर्ज करणार नाही. तुला आधीच सांगून ठेवतो. मला आता कुणासमोर हुशार दिसायचा कंटाळा आलाय.

तनुजा : जमेल. कंपनी काय करते ही?

रविराज : लग्नं जुळवते. मोबाइलवर.

तनुजा : तुम्हाला घेणार? लग्नाच्या कामाला? तुम्ही आपला वाढदिवस विसरता.

रविराज : आपला म्हणजे लग्नाचा ना?

तनुजा : बघा.

रविराज : मला जुळवायचं नाहीये काही. त्यांच्याकडे जुन्या सिस्टिम आहेत, त्या नव्यात आणायच्या. ऐक, तू इथे समोर स्टुलावर बस. कॅमेऱ्याच्या पलीकडे. बोलायचं नाही. फक्त मी चुकून 'आमच्या वेळी' म्हणालो, तर खोकायचं.

तनुजा : तुम्ही दिवसातून चाळीसदा म्हणता. मला क्षय झालाय असं वाटेल त्यांना.

रविराज : एकदाच खोक. मी सावध होईन.

तनुजा : उजवा कान काळा झालाय. उजवीकडे तोंड करून बसा.

(चार वाजता. रविराज लॅपटॉपसमोर, तनुजा पलीकडे स्टुलावर, हातात डाग पडलेला टॉवेल.)

शेफाली : हॅलो सर, येतोय ना माझा आवाज? मी शेफाली, इथली इंजिनिअरिंग मॅनेजर. आपण मराठीत बोललो तर चालेल ना? आमचे युजर सगळे मराठी आहेत, म्हणून आम्ही टीममध्ये मुद्दाम मराठी ठेवलंय. म्हणजे, ट्राय करतो.

रविराज : बोला की. उत्तम.

शेफाली : तुमचा सीव्ही मला आवडला. क्रिस्प आहे. लोक काय काय पाठवतात, सर. परवा एकानं दहावीच्या मार्कांपासून लिहिलं होतं. फ्लॉपीवर काम केलंय वगैरे.

रविराज : अरेरे.

शेफाली : बेसिकली, आम्ही पुण्यातली चार जुनी वधूवर मंडळं घेतली. त्यांची नावं, फोटो, सगळा डेटा आता आमच्याकडे आहे. तीन मंडळांचं काम वह्यांवर होतं, ते टाइप करून संपलं. चौथ्याकडे मात्र कॉम्प्युटर आहे. एकदम एन्शियंट. अजून चालतो, तोच प्रॉब्लेम आहे. तुम्ही असं काही हँडल केलंय? म्हणजे आधीच्या पिढीनं लिहिलेलं?

रविराज : पाहिलंय थोडंफार. आमच्या वेळी...

शेफाली : तिकडे कुणी खोकतंय का?

रविराज : शेजारच्या सोसायटीचं पाडकाम चालू आहे. धूळ येते.

शेफाली : ओके, ओके. कोथरूड ना? तिथे सगळंच पाडतायत. तर सर, आपण डायरेक्ट टेस्टवर येऊ. मी स्क्रीन शेअर करते. हा त्या चौथ्या मंडळाचा प्रोग्रॅम आहे, फॉक्सप्रोमधला, नाइन्टी एटचा. मंडळाचं नाव झाकलंय मी. भाषा येत नसली तरी चालेल, लॉजिक बघा. यात एक बग आहे. तो शोधायचा. बाकी कँडिडेट्सना दहा-पंधरा मिनिटं लागली. टेक युअर टाइम.

रविराज : हं.

शेफाली : हिंट देते. यादी वयानं लागते. तरुण आधी, मग चढत्या क्रमानं. पहिली दहा नावं बरोबर येतात. अकरावं नाव एकदम यादीच्या शेवटून उचललं जातं. मग परत दहा बरोबर, आणि बाविसावं शेवटून. सत्तावीस वर्षं हे असंच चाललंय आणि कुणाच्या लक्षात नाही आलं, इमॅजिन करा.

रविराज : हं.

शेफाली : आणि गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलंय. 'ही ओळ काढू नये.' बस. का काढू नये, ते नाही. आमच्या मुलांनी त्याचा स्टिकर केलाय. पँट्रीतल्या फ्रिजवर आहे.

रविराज : फ्रिजवर.

शेफाली : सर? स्क्रीन अडकली का तुमची?

रविराज : नाही. वाचतोय.

शेफाली : शुअर.

रविराज : ओळ दिसली मला.

शेफाली : इतक्यात? वॉव. दोन मिनिटंपण नाही झाली.

रविराज : ती नोंदीच्या खालची. जिथे अकरानं भाग जातो का ते बघितलंय.

शेफाली : करेक्ट! सर, इतक्या लवकर शोधणारे तुम्ही पहिले आहात. मग, काय करायचं तिचं?

रविराज : काय करायचं...

शेफाली : एका शब्दाचं उत्तर आहे, सर. काढायची. एवढं तुमच्या तोंडून ऐकलं की मी आजच तुमचं नाव पुढे पाठवते आणि सोमवारी जॉइनिंगचं बोलू. मला खरंच आज हे क्लोज करायचंय.

रविराज : एक विचारू का?

शेफाली : विचारा ना.

रविराज : हे मंडळ बुधवार पेठेतलं का? पुस्तकांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना, आठवी पायरी हलते. आनंदीबाईंचं.

शेफाली : आठव्या पायरीचं नाही माहीत. पण हो. तुम्हाला कसं कळलं? नाव तर मी झाकलंय.

रविराज : आमच्या वेळी...

शेफाली : सर?

रविराज : खोकली नाहीस.

तनुजा : नाही.

शेफाली : एक्स्क्यूज मी, खोलीत कुणी आहे का?

रविराज : माझी बायको. आमच्या वेळी म्हणालो की तिनं खोकायचं, असं ठरलं होतं.

शेफाली : का?

रविराज : वय कळू नये म्हणून.

शेफाली : मला नीट कळत नाहीये, सर.

रविराज : ती ओळ मी लिहिलीय.

शेफाली : सर, हा प्रोग्रॅम नाइन्टी एटचा आहे. तुमच्या सीव्हीप्रमाणे तुम्ही तेव्हा चौथीत असाल.

रविराज : सीव्हीप्रमाणे, हो. खरं म्हणजे मी सत्तावीसचा होतो. बुधवार पेठेत दादामियाँचं रेडिओचं दुकान होतं, त्यांच्या माळ्यावर बसून कॉम्प्युटर जोडायचो. वाकून उभं राहावं लागे. आनंदीबाईंनी तिथूनच कॉम्प्युटर घेतला आणि म्हणाल्या, आता यात माझ्या वह्या घाला. ते आणि आणखी बारा वर्षं, सगळं त्या कागदातून काढलंय. ओळी काढायचं काम मी आधीच करून आलोय, मॅडम.

शेफाली : आणि ती ओळ? का लिहिलीत? मला खरंच जाणून घ्यायचंय. आम्ही तीन महिने डोकं फोडतोय.

रविराज : त्यांच्या वह्या वयानं लावलेल्या असायच्या. मुलाकडचे यायचे, दहा-बारा पानं उलटायचे, चहा प्यायचे, उठायचे. शेवटच्या पानापर्यंत कुणी जायचं नाही. मग बाई काय करायच्या, दर अकराव्या माणसापुढे वही उलटीकडून उघडून ठेवायच्या. त्यानं वर बघितलं की म्हणायच्या, बाइंडिंग सैल झालंय हो, इकडूनच उघडते.

शेफाली : मुद्दाम?

रविराज : तीस वर्षं. एक वही बाइंडरकडे नेऊन नवी करून आणली होती कुणी, तर त्या महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. कॉम्प्युटर आला तेव्हा मी सगळं दाखवलं. बटण दाबलं, यादी आली. बाईंनी ती शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाल्या, छान आहे, पण तुमच्या यंत्राचं बाइंडिंग सैल करता येईल का?

शेफाली : आणि कारण का नाही लिहिलंत? नुसतंच 'काढू नये'.

रविराज : लिहू दिलं नाही. म्हणाल्या, कारण लिहिलंत तर कुणीतरी वाचेल. मग त्या अकराव्या नावाकडे लोक 'ते शेवटून आणलेलं' म्हणूनच बघतील. मुलीच्या बापाला कळलं तर त्याला काय वाटेल?

शेफाली : म्हणजे तो बग नाहीये.

रविराज : नाही.

शेफाली : सर, आम्ही जूनमध्ये ती ओळ काढून बघितली. पंधरा दिवस. यादी एकदम क्लीन झाली. मग फोन यायला लागले. येरवड्याहून एक काका तेव्हापासून दर शनिवारी येतात. तक्रार करत नाहीत. फक्त विचारतात, आमच्या मुलीचं नाव आहे ना अजून? आम्ही सांगतो, आहे. आहेच ते, सर. कुणी काढलेलं नाही.

रविराज : हो. आहेच.

शेफाली : एखादं तरी जुळलं का त्या ओळीनं? डेटा नाही माझ्याकडे, म्हणून विचारते.

तनुजा : एक जुळलं.

शेफाली : मॅडम, तुम्ही कॅमेऱ्यात आलात तरी चालेल.

तनुजा : नको, हाताला कलप लागलाय. मी तीस वर्षांची होते. तेव्हा मुलीला तिसावं लागलं म्हणजे शेवटचं पान. हे यंत्राची चाचणी घेत होते. अकरावं नाव माझं आलं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा माझंच. तीनदा.

रविराज : मला वाटलं प्रोग्रॅम चुकलाय.

तनुजा : अजून वाटतं त्यांना, अधूनमधून.

शेफाली : आणि सर सत्तावीसचे?

तनुजा : तीन वर्षांनी लहान. मंडळाचा फॉर्म भरताना माझी आई शेजारी बसली होती. म्हणाली, सव्वीस लिही. चेहऱ्याला शोभतं. मी तीस लिहिलं. ती घरी जाईपर्यंत रडत होती. म्हणाली, आता कोण बघणार तुझ्याकडे?

रविराज : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

तनुजा : तुम्ही बघितलंत ना. मग कशाला सांगायचं?

शेफाली : सर, एक ऑकवर्ड गोष्ट आहे.

रविराज : सांगा.

शेफाली : हा अर्ज मला रिजेक्ट करावा लागेल. फॉर्मच्या खाली तुम्ही टिक केलंय, दिलेली माहिती पूर्ण आणि खरी आहे. मला हे कळल्यावर मी तो पुढे नाही पाठवू शकत. तुम्ही नसतं सांगितलं तर...

रविराज : मला माहीत होतं, मॅडम. तुमचं बरोबर आहे.

शेफाली : नियमाप्रमाणे तुम्ही पूर्ण माहिती भरून परत अर्ज करू शकता. उद्या संध्याकाळपर्यंत पोर्टल उघडं आहे. पण मी खोटी आशा नाही दाखवणार. पंधरा वर्षांच्या वर गेलात की सिस्टिम तुम्हाला यादीच्या शेवटी टाकते. तीनशे सव्वीस अर्ज आहेत. आम्ही पहिले तीस उघडतो.

रविराज : माहीत आहे. माझी मुलगी हेच काम करते.

तनुजा : तुमचं वय किती हो?

शेफाली : हा प्रश्न इंटरव्ह्यूमध्ये विचारायला बंदी आहे, मॅडम.

तनुजा : तुम्हाला बंदी असेल. मी स्टुलावर बसलेय.

शेफाली : चौतीस. माझ्या आईनं मला न विचारता या चार मंडळांपैकी एकात नाव घातलं होतं. कुठल्या, ते मी डेटा आला तेव्हा बघितलं. कितव्या पानावर, तेही बघितलं.

तनुजा : हं.

शेफाली : असो. सर, सोमवारी सकाळी मी यादी उघडणार आहे.

रविराज : बरं.

शेफाली : पहिले तीस बघायचे, एवढंच आम्हाला सांगितलंय. कुठून मोजायचे, ते अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

रविराज : नोकरी घालवू नका हं मॅडम स्वतःची. या वयात... म्हणजे, कुठल्याही वयात, पुन्हा मिळवणं फार अवघड असतं.

शेफाली : मी काहीच प्रॉमिस करत नाहीये, सर. फक्त उघडणार आहे. आणि तो फ्रिजवरचा स्टिकर मी आज काढते.

रविराज : राहू द्या. तो काढू नये, असं त्यावरच लिहिलंय.

शेफाली : थँक यू, सर. येते, मॅडम.

तनुजा : या. गेली?

रविराज : गेली. लाल बटण दाबलंय मी.

तनुजा : इकडे या. कान पुसू दे. बाईसमोर सगळा वेळ काळा कान घेऊन बसलात.

रविराज : उजवीकडे तोंड होतं माझं.

तनुजा : 'एक जुळलं' म्हटल्यावर माझ्याकडे वळलात, तेव्हा दिसला तिला.

रविराज : हसली नाही.

तनुजा : नाही. म्हणजे काम होईल कदाचित. मागचं राहिलंय, लावायचं का?

रविराज : नको. आणि बापूरावांना काय सांगू?

तनुजा : टँकरची वही बघेन म्हणून सांगा. मोकळा नाही, पण बघेन. ते चार पानांचं कुठे आहे?

रविराज : 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये. त्यात दादामियाँचा माळासुद्धा आहे.

तनुजा : काढा. आजच पाठवा. उद्या तुमचा विचार बदलेल.

रविराज : तनुजा, पण ते शेवटच्या पानावर जाणार.

तनुजा : जाऊ दे. मीही तिथेच होते.